आडवाटेचे भाग: ‘एर्गो प्रॉक्सी’वरच्या मराठी व्हिडिओच्या नोंदी

२७ डिसेंबर २०२५, शनिवार

मागच्या व्हिडिओच्या वेळी चिठ्ठ्या, व्हॉट्सॲप, फोनमधल्या नोट्स असं सगळीकडे पसरलं होतं आणि शेवटी निम्मं सापडलंच नाही, म्हणून या वेळी सगळं एकाच ठिकाणी लिहायचं ठरवलंय.

विषय एर्गो प्रॉक्सी ही जपानी ॲनिमे सिरीज. मुहूर्त आयताच मिळालाय. पहिला भाग जपानमध्ये वाउवाउ नावाच्या सॅटेलाइट चॅनलवर २५ फेब्रुवारी २००६ ला लागला, म्हंजे येत्या २५ फेब्रुवारीला बरोब्बर २० वर्षं. एकूण २३ भाग, शेवटचा १२ ऑगस्ट २००६ ला. दिग्दर्शक शुको मुरासे, गोष्टीची मांडणी दाई सातो, पात्रांची डिझाइनं नाओयुकी ओंदा, संगीत योशिहिरो इके, स्टुडिओ मँग्लोब. तो स्टुडिओ २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला, त्यामुळे ‘दुसरा सीझन कधी’ विचारणाऱ्यांना काय सांगणार.

प्लॅन: अर्धा तास, मराठीत, शेवटपर्यंतची गोष्ट उलगडून सांगायची. कारण ज्याला ज्याला ही सिरीज बघायला लावली त्याने परत येऊन एकच सांगितलं, दिसायला भारी आहे पण डोक्यावरून गेलं.

४ जानेवारी, रविवार

पहिला खर्डा झाला. अकरा पानं! वाचून दाखवायला ताईला फोन लावला. (चुलतबहीण, पुण्यात, दिवसा बँकेत आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीत. हिला ॲनिमेमधलं काही कळत नाही आणि मला नेमकं तेच हवंय.)

तिसऱ्या पानावर तिने थांबवलं. मी तेव्हा पुतळ्यांवर होतो. रोमडो या घुमटाखालच्या शहराच्या रीजंटच्या (म्हंजे कारभाऱ्याच्या) दालनात चार पुतळे असतात, म्हातारा डोनोव्ह मेयर त्यांच्या तोंडून बोलतो, त्यांची नावं विचारवंतांची, देरिदा, लाकां, हुसेर्ल आणि बर्कली, आणि ते पुतळे घेतलेत मायकेलअँजेलोने फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या थडग्यांवर केलेल्या दिवस, रात्र, पहाट, संध्याकाळ या चार आकृत्यांवरून. मला हे सांगताना फार मजा येत होती. ताई म्हणाली, “हे सगळं बरोबर असेल रे, पण त्या पोरीचं पुढे काय झालं?”

पोरगी म्हंजे रील. रील मेयर, रीजंटची नात, नागरिक गुप्तचर खात्यातली तपास अधिकारी. आणि मला त्या अकरा पानांत ‘त्या पोरीचं काय झालं’ हे कुठे लिहिलेलंच सापडेना. देरिदा होता, देकार्त होता, तिचा नंबर १२४सी४१ हा ह्यूगो गर्न्सबॅकच्या १९११ च्या जुन्या विज्ञानकथेतून उचललाय हेसुद्धा होतं. पोरगी नव्हती.

पुतळे कापले. चार मिनिटं वाचली. जीवावर आलं होतं.

जाता जाता: ‘रील’ म्हटलं की ताईला दर वेळी इन्स्टाची रीलच वाटते. पहिल्या मिनिटातच खुलासा करायला लागणार.

११ जानेवारी, रविवार

कार्डं केली. प्रत्येक भागाचं एक कार्ड, त्यावर रील, विन्सेंट (ती ज्याचा माग काढते तो परप्रांतीय), पिनो अशा तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत फक्त एवढंच की या भागाच्या सुरुवातीला हे माणूस कसं होतं आणि शेवटी कसं आहे. (पिनो माणूस नाहीये, ऑटोरेव आहे, लहान मुलीच्या रूपातला यंत्रमानव. पण कार्डावर माणूसच लिहिलंय, राहू दे.)

सगळी कार्डं जमिनीवर मांडली, आई केर काढायला थांबली होती, आणि मला एक गोष्ट दिसली जी चार वेळा सिरीज बघून दिसली नव्हती. ज्या भागांत गोष्ट जोरात पुढे सरकते त्या कार्डांवर मी बहुतेक ‘कळलं’ लिहिलंय. रीलला कळलं की प्रॉक्सी नावाचं काही आहे (माणसांनीच बनवलेले अचाट ताकदीचे जीव). विन्सेंटला कळलं की आपण कोण आहोत. पण ‘बदलली’, ‘सुटली’, ‘हसली’ असे शब्द सगळे त्या चार-पाच भागांच्या कार्डांवर आहेत ज्यांना लोक फिलर म्हणतात, विचित्र म्हणतात, सोडून देतात. ११ वा पुस्तकाच्या दुकानातला. १४ वा ओसाड सुपरमार्केटमधला. १५ वा क्विझ शोचा. १६ वा, ज्यात वारा पडतो. १९ वा, थीम पार्कचा.

मीसुद्धा पहिल्यांदा बघताना १६ वा फास्ट फॉरवर्ड केला होता हे व्हिडिओत कबूल करायचं की नाही ते बघू.

तर प्लॅन बदलला. गोष्ट समजावणं रद्द, ती कुठेही वाचायला मिळते. व्हिडिओ या पाच भागांवर करायचा आणि म्हणणं एवढंच ठेवायचं की ही माणसं घडतात ती इथेच.

ताईला लगेच फोन. तिने नावावर हरकत घेतली, मी ‘प्रायोगिक भाग’ लिहिलं होतं. “प्रायोगिक म्हणू नकोस, मराठी माणसाला प्रायोगिक म्हटलं की छबिलदास आठवतं आणि मग एकतर तो नमस्कार करतो नाहीतर पळ काढतो.” बरोबर आहे तिचं. ‘आडवाटेचे भाग’ ठरलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अर्धी रजा टाकली. गच्चीवर पोरं सकाळपासून पतंग घेऊन बसलीयेत आणि आमच्या डोंबिवलीत वाऱ्याचा पत्ता नाही, एक जण पतंग धरून पळतो, दुसरा मांजा ओढतो, पतंग टाकीवर आपटतो, परत तेच. मी खाली येऊन १६ वा भाग लावला. मुद्दाम नाही, आज तोच लिहायचा होता.

जपानी नावाचा अर्थ साधारण ‘निपचित समुद्र’. तिघं एका शिडाच्या जहाजातून मॉस्क नावाच्या शहराकडे निघालेत, तिथे विन्सेंटच्या हरवलेल्या आठवणी मिळतील या आशेवर. आणि वारा थांबतो. बस. पुढचा अख्खा भाग जहाज हलत नाही. कोणी हल्ला करत नाही, कुठलं रहस्य उलगडत नाही.

आता रील कोण आहे ते बघा. रोमडोत ती घुमटाखाली वाढलीये, मागेल ते मिळालंय, इगी नावाचा ऑटोरेव सतत तिच्या दिमतीला आणि तिच्यावर लक्ष ठेवायलाही, आणि डोळ्यांवर ती निळी आयशॅडो चिलखतासारखी. पहिल्या दहा भागांत ती एकतर कोणाला तरी हुकूम सोडत असते नाहीतर कोणाचा तरी माग काढत असते. तिला काम नसताना आपण कधी बघितलेलंच नाही. १६ व्यात तिच्याकडे काम नाही, हुकूम सोडायला कोणी नाही, आणि ज्याचा माग काढत ती आली तो विन्सेंट समोरच बसलाय आणि बारीकसारीक घरकामात गुंतलाय. ती आधी चिडते. मग कंटाळते. मग परत चिडते, या वेळी स्वतःवर. आणि मग हळूहळू, कुठल्या सीनमध्ये ते बोट ठेवून सांगता येत नाही, पण भाग संपतो तेव्हा ती त्या दोघांसोबत राहायला लागलेली असते. तोवर ती फक्त सोबत प्रवास करत होती.

हे ॲक्शन सीनमध्ये होऊच शकत नाही. भांडण झालं, गोळीबार झाला की माणूस आपल्या जुन्या सवयीवरच जातो. सवय सुटायला रिकामपण लागतं. माझा एक काका रिटायर झाल्यावर सहा महिने सगळ्यांवर ओरडत होता आणि सातव्या महिन्यात भाजी निवडायला बसला, ते आठवलं. (व्हिडिओत घ्यायचं नाही, काका बघतात.)

मुरासे आणि सातोंनी हा भाग कुठे ठेवलाय तेही बघण्यासारखं आहे. क्विझ शोच्या लगेच नंतर. अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात गोंगाटाचा भाग आणि सगळ्यात निवांत भाग एकमेकांना चिकटून.

संध्याकाळी पाचला वारा सुटला. गच्चीवर आरडाओरडा.

१८ जानेवारी, रविवार

क्विझ शो. भाग १५.

सगळ्यात सोपा जाईल वाटलं होतं, सगळ्यात जड गेला. विन्सेंट अचानक एका टीव्हीच्या सेटवर स्पर्धक म्हणून उभा असतो, लाइटं, प्रेक्षक, टाळ्या, आणि एमसीक्यू नावाचा बडबड्या होस्ट प्रश्न विचारतोय. इंग्लिश नावात दोन क्विझ शोंची, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन, सरळसरळ मिसळ आहे. आपल्याकडे केबीसी २००० पासून घराघरात आहे त्यामुळे हे समजावून सांगायला अर्धं वाक्य पुरतं, फक्त इथे हरलं तर जीव जातो आणि लाइफलाइन हा शब्द शब्दशः घ्यायचा.

लोक म्हणतात की हा भाग म्हंजे माहिती कोंबायची युक्ती, जग का बुडालं, मिथेन हायड्रेटचा स्फोट, प्रॉक्सी कशाला बनवले, हे सगळं प्रश्नोत्तरांत सांगून टाकलंय. हो, टाकलंय. आणि युक्ती म्हणून हुशारच आहे, कारण तीच माहिती एखाद्या शास्त्रज्ञाने लेक्चर देऊन सांगितली असती तर सगळे झोपले असते.

पण मला त्यात विन्सेंट दिसतो. रोमडोत तो कसा होता? मॉस्कहून आलेला परप्रांतीय, नागरिकत्वासाठी धडपडणारा, खालमानेने काम करणारा, डोळे सतत मिटल्यासारखे. ‘आदर्श नागरिक’ होणं एवढंच स्वप्न. म्हंजे त्याचं सगळं आयुष्य एक परीक्षाच होती, वरचे प्रश्न विचारणार आणि हा बरोबर उत्तरं द्यायला बघणार. इथे त्याला खरोखरच परीक्षेला बसवलंय, आणि प्रश्न त्याच्याच जगाबद्दलचे, जे त्याला यायला हवेत पण तो स्वतःच विसरलाय. तो घामाघूम होतो, अंदाज मारतो, आणि तरी खेळतो. पहिल्या भागातला विन्सेंट या सेटवर पहिल्या प्रश्नालाच माफी मागून मोकळा झाला असता.

रंगांबद्दल एक वाक्य टाकायचं. बाकी सिरीज राखाडी, काळी, मातकट. हा भाग बघताना टीव्हीची सेटिंग बिघडल्यासारखी वाटतात.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. आज फक्त शब्द.

‘प्रॉक्सी’ला मराठीत काय म्हणायचं? प्रतिनिधी म्हटलं की ग्रामपंचायत आठवते. बदली म्हटलं तर ट्रान्स्फर. कॉलेजात प्रॉक्सी म्हंजे मित्राची हजेरी लावणे, ते तर नकोच. शेवटच्या भागाचं जपानी नाव ‘दाइरिनिन’, म्हंजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. बाबा पेपर वाचत होते, त्यांना विचारलं. न बघता म्हणाले, “मुखत्यार.”

कुलमुखत्यारपत्र! गावच्या जमिनीसाठी काकाच्या नावाने केलेलं होतं आमच्याकडे. आणि अर्थ काय चपखल बसतो. मूळ मालक पृथ्वी सोडून निघून गेलेत, जाताना इथला कारभार मुखत्यारांवर सोपवलाय, त्यांनी शहरं वसवली, माणसं वाढवली, आणि मालक परत आले की मुखत्यारांची गरज संपणार. हे मी तीन पानांत सांगत होतो, एका शब्दात झालं. बाबांना सांगितलं, त्यांनी पान उलटलं.

दुसरी अडचण ‘रेझाँ देत्र’. रोमडोत हा शब्द उठता बसता येतो, प्रत्येकाला आपलं ते काय हे माहीत असायला लागतं. ‘अस्तित्वाचं प्रयोजन’ लिहिलं होतं, ताई म्हणाली ते कीर्तनात शोभेल. शेवटी ‘तू इथे कशासाठी आहेस’ ठेवलं. रोमडोत हा प्रश्न धमकीच्या सुरात येतो, आडवाटेच्या भागांत तोच प्रश्न खराखुरा होतो, आणि एकच वाक्य दोन्हीकडे चाललं पाहिजे.

कोगितो, म्हंजे ऑटोरेवना लागणारा व्हायरस, तसाच ठेवला. देकार्तच्या ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ या वाक्यातला लॅटिन शब्द, एर्गो पण तिथलाच. या व्हायरसने ऑटोरेवना स्वतःची जाणीव होते आणि ती गुडघे टेकून प्रार्थनेला बसल्यासारखी बसतात. जाग आल्यावर पहिलं काम प्रार्थना, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही आणि उलगडल्याचा आवही आणायचा नाहीये.

१ फेब्रुवारी, रविवार

ताईने आख्खी सिरीज बघून संपवली. (!!) आणि माझ्या म्हणण्याला सुरुंग लावला.

तिचं म्हणणं: इगीचं काय? १३ वा भाग आडवाटेचा नाही, सरळ गोष्टीतलाच आहे, आणि सिरीजमधला सगळ्यात मोठा बदल तिथे होतो. इगीला कोगितो लागतो आणि इतकी वर्षं गोड बोलून सेवा करणारा तो रीलवर उलटतो, मनात साठलेलं सगळं ओकतो, राग आणि माया एकाच तोंडून, आळीपाळीने, आणि शेवटी तिच्यासाठीच जीव देतो. तिने त्या आवाजातल्या बदलाबद्दल दहा मिनिटं सांगितलं, नट म्हणून, की असं स्वगत मिळालं तर ती बँक सोडेल.

दोन दिवस विचार केला. ती बरोबर आहे. माझं ‘इथेच’ चुकतंय.

पण त्यातूनच दुसरी गोष्ट हाती लागली. राऊल क्रीड घ्या. सुरक्षा खात्याचा प्रमुख, पिनो मुळात त्याच्याच घरातली. किंवा डेडलस युमेनो, तो पोरगेला डॉक्टर, रीलवर जीव असलेला. या दोघांच्या वाट्याला एकही आडवाटेचा भाग नाही. दोघं रोमडोतच राहतात, घुमटाखाली, कामात. आणि दोघं बदलतात ते कुजत जाऊन. डेडलस तर निघून गेलेल्या रीलच्या जागी दुसरीच बनवतो, ‘रिअल’ नावाची, पंखवाली. रील मिळत नाही म्हणून रिअल. (मराठीत हा श्लेष आपोआप आला, फुकटात.) खरी रील तोवर जहाजावर वारा पडलेला सोसून कोणीतरी वेगळीच झालेली असते, आणि याने बनवली ती जुन्या रीलची नक्कल.

म्हंजे फरक भागांचा नाहीच, घुमटाच्या आत आणि बाहेर असा आहे. बाहेर पडलेल्यांना रिकामा वेळ मिळतो, आडवाटा मिळतात. इगी बाहेर पडतो पण एक पाय शेवटपर्यंत आत, म्हणून मधोमध तुटतो. हे आधीपेक्षा चांगलं आहे. पण स्क्रिप्ट परत पहिल्यापासून, आणि हातात २४ दिवस.

८ फेब्रुवारी, रविवार

११ आणि १४ एकत्र उरकले. ११ वा, ‘पांढऱ्या अंधारात’, धुक्यातून विन्सेंट पुस्तकाच्या दुकानात शिरतो आणि पुढचं सगळं बहुतेक त्याच्या डोक्यातच चाललंय. इंग्लिश नाव अनॅम्नेसिस, प्लेटोचा शब्द, शिकणं म्हंजे आत्म्याला आधीच माहीत असलेलं पुन्हा आठवणं. भाग कौतुकाचा आहे पण खरं सांगायचं तर मला जरा बोलबच्चन वाटतो, तासभर कोणीतरी माझी तोंडी परीक्षा घेतल्यासारखा. विन्सेंट शेवटी मान्य करतो की मीच एर्गो प्रॉक्सी, ते महत्त्वाचं. दीड मिनिट.

१४ वा ‘ओफेलिया’ मात्र अंगावर काटा आणतो. सामान भरायला ओसाड सुपरमार्केटात थांबलेत, बाजूला तळं, आणि तिथला प्रॉक्सी यांचीच रूपं घेतो. समोरचा विन्सेंट खरा की नाही हे रीलला ओळखायचंय, आणि ओळखायचं तर तिने त्याच्याकडे इतके दिवस नीट बघितलेलं असायला हवं. संशयित म्हणून ढीग बघितलंय, माणूस म्हणून बघितलं का? जपानी नाव ‘तुझ्यासारखं कोणीतरी’. दोन मिनिटं, कदाचित अडीच.

आवाज रेकॉर्ड करायला बसलो. गाद्या उभ्या करून, वर ब्लँकेट. पहिल्या टेकला शेजारचा कुकर, दुसऱ्याला फास्ट लोकल, तिसऱ्याला मीच शिंकलो. रात्री दीडला झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पिनो. १९ वा भाग, ‘स्माइल लँड’चा.

व्हिडिओत हा शेवटी ठेवलाय. विन्सेंट आणि रील या भागात नावापुरते, सगळं पिनोच्या खांद्यावर. कार्टूनच्या जगासारखं थीम पार्क, तिथला कर्ताधर्ता विल बी गुड, उघडउघड डिस्नीची नक्कल, तोही एक प्रॉक्सी, आणि विन्सेंट येऊन आपल्याला मारेल या भीतीने गळाठलेला.

पिनो सुरुवातीला काय होती? मूल होण्याची परवानगी मिळेपर्यंत घरात ठेवायची बाहुली. खरं बाळ येणार म्हटल्यावर तिचं ‘तू इथे कशासाठी आहेस’ संपलंच. सिरीजमध्ये हा प्रश्न सगळ्यात आधी तिचा संपतो, पण ती त्याची पर्वाच करत नाही. सशाचा सूट घालते, मेलोडिका वाजवते, बोटीत लुडबुडते. बाकीचे दोघं आपण कोण यावर भाग ११ पासून डोकं फोडतायत आणि ही मजेत. स्माइल लँडमध्ये सगळ्यांना हसायचीच सक्ती आहे, आणि तिथे खरी आनंदी फक्त ही बाहेरून आलेली यंत्राची पोर.

ताई म्हणते पिनोवर अख्खा वेगळा व्हिडिओ कर. बघू.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एडिटिंग. एकूण ३४ मिनिटं झाली, तीस ठरली होती. कापायला काही उरलं नाही असं वाटतं आणि मग परत बघितलं की सहा ठिकाणी मी ‘म्हणजे कसंय’ म्हणालोय. सहाही उडवले.

शेवटी रेडिओहेडचं ‘पॅरनॉइड अँड्रॉइड’ लावलं होतं, कारण मूळ सिरीजच्या शेवटी तेच वाजतं. टेस्ट अपलोड केला, चार मिनिटांत कॉपीराइट क्लेम आला. काढलं. त्या जागी आता नुसता गच्चीवरचा आवाज आहे, संक्रांतीला फोनवर सहज रेकॉर्ड केला होता तो, पोरं ओरडतायत आणि वारा माइकवर फडफडतोय. १६ व्या भागाच्या तुकड्याखाली टाकून बघितला तर तिथेच जास्त बसला, म्हणून तिकडे हलवला. शेवट कोरा.

थंबनेल: डावीकडे मिटल्या डोळ्यांचा विन्सेंट, उजवीकडे उघड्या डोळ्यांचा. त्याच्या डिझाइनमधला हा फरक ओंदांनी मला आयताच करून ठेवलाय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना फायनल दाखवला. बाराव्या मिनिटाला डुलकी, १६ व्या भागाच्या तुकड्याला जाग आली. जहाज बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “मग वारा येतो का शेवटी?”

येतो म्हटलं.

“मग ते कुठे पोचतात?”

मॉस्कला, पण तिथे काही उरलेलं नसतं.

“आणि हे तू लोकांना आधीच सांगून टाकलंस?”

सांगून टाकलंय, बाविसाव्या मिनिटाला. आता काढायचं तर तिथला आवाज परत रेकॉर्ड करायला लागेल, गाद्या परत उभ्या. त्यापेक्षा सुरुवातीलाच स्पॉयलरची पाटी टाकतोय, मोठ्या अक्षरात. सबटायटल्समध्ये इगीचं दोन ठिकाणी ईगी झालंय ते पण आत्ताच करून घेतो, उद्या सकाळी सात चोवीसची लोकल आहे.